अकरा मेडिकल, एक कार्ड

घासाघीस आपल्याला नवी नाही. पण गावातल्या मेडिकलवाल्यांच्या वतीनं विमा कंपनीसमोर बसायची वेळ आली, तर?

आपण सगळे तसे निगोशिएशनमधले उस्ताद. ऑफर लेटर हातात पडलं की 'थोडं वर होतंय का बघा ना' असं एचआरला गोड आवाजात म्हणायचं, बाणेरच्या टू-बीएचकेचं भाडं पाडून घ्यायचं, नव्या गाडीबरोबर सीट कव्हर फुकट उकळायची... सगळं जमतं. कारण त्यात आपण एकटे असतो आणि मागतोही आपल्यापुरतंच. पण अकराजणांच्या वतीनं मागायचं असेल, समोर विमा कंपनी असेल आणि त्या अकरातला एक आपला सख्खा काका असेल, तर? तेव्हा घशाला कोरड पडते, बॉस!

मी पुण्यात एका इन्शुरन्स ब्रोकिंग फर्ममध्ये आहे. कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेम पॉलिसी बघणं हे माझं काम. आणि माझे काका इंदुरीत मेडिकल चालवतात. इंदुरी म्हणजे तळेगाव-चाकण रोडवरचं, इंद्रायणीच्या काठचं गाव. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांचा भुईकोट आणि आतली कडजाई देवी बघितलेले पुणेकर थोडे. पावसाळ्यात कुंडमळ्याला जाऊन आलेले जास्त. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा जीव गेला, तेव्हा हे नाव देशभर ऐकू आलं. एरवी इंदुरी म्हणजे एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं आणि मधून अखंड धावणारे कंटेनर.

काकांचं दुकान दहा बाय बाराचं. इन्शुलिनसाठी एक फ्रिज, भिंतीवर लायसन्स, काउंटरवर उधारीची वही. फार्मासिस्ट ते स्वतःच, त्यामुळे दुसऱ्या माणसाचा पगार नाही आणि सुट्टीही नाही. रात्री साडेदहापर्यंत शटर वर. त्यानंतर कुणाच्या पोराला ताप आला तर घराची बेल आहेच!

दोन प्रकारची गिऱ्हाइकं

काका सांगतात, मेडिकलला दोन प्रकारची गिऱ्हाइकं असतात. एक महिन्याचं. बीपी, शुगर, थायरॉईड. एक तारखेला येणार, महिन्याभराच्या गोळ्या नेणार. दुसरं अचानकचं. उलट्या, दमा, विंचू, पडझड. पहिल्या गिऱ्हाइकाच्या जिवावर दुकान चालतं आणि दुसऱ्याला ते रात्री उघडं सापडतं.

आता गंमत बघा. गेल्या काही वर्षांत पहिलं गिऱ्हाईक हळूहळू गायब व्हायला लागलं. आजार बरा झाला म्हणून नाही हो, कार्ड आलं म्हणून!

पूर्वी मेडिक्लेम म्हणजे दवाखान्यात अ‍ॅडमिट झालात तरच. गोळ्या, तपासण्या, डॉक्टरची फी आपल्या खिशातून. आता बऱ्याच कंपन्या ग्रुप पॉलिसीला ओपीडी कव्हर जोडतात. वर्षाला ठरावीक रक्कम अ‍ॅपमध्ये जमा. त्यातून डॉक्टर दाखवा, रक्त तपासा, औषधं घ्या. तुमच्यापैकी अनेकांकडे हे असेल. आई-बाबांचं नावही टाकलेलं असेल. फक्त औषधं घ्यायची ती नेटवर्कमधूनच. आणि नेटवर्कमध्ये असतात ऑनलाइन फार्मसी आणि शहरातल्या मोठ्या चेन. इंदुरीचं मेडिकल त्यात नसतं.

तसं ते असू शकतं. काकांनी विचारलं होतं. एका विमा कंपनीच्या वतीनं नेटवर्क जमवणाऱ्या माणसानं एक फॉर्म पाठवला. एमआरपीवर सरसकट १५ टक्के सूट. पैसे साठ दिवसांनी. बिलातून किती कापायचं, हे कंपनी ठरवणार. पटलं तर सही करा, नाहीतर राहू द्या.

काकांनी कॅल्क्युलेटर काढला. तुम्हीही काढा. ज्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यांना शेड्यूल्ड म्हणतात. मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन अशी शुगर-बीपीची रोजची औषधं त्यात येतात. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन धरलंय १६ टक्के, तेही त्याच्या खरेदीच्या किमतीवर. म्हणजे कर बाजूला ठेवला, तर १०० ला घेतलेली गोळी ११६ ला विकायची. तिच्यावर १५ टक्के सूट दिली की हातात येतात ९८ रुपये ६० पैसे. पदरचे १ रुपया ४० पैसे गेले! बाकीच्या औषधांवर धंद्यातल्या रिवाजाप्रमाणे २० टक्के सुटतात. तिथे १५ दिले की उरतात ५. त्यात लाइट बिल, फ्रिज, एक्स्पायरी आणि साठ दिवस अडकलेले पैसे. स्टॉकिस्ट काही साठ दिवस थांबत नाही.

मोठ्या चेनला हे परवडतं, कारण ती थेट कंपनीकडून ढिगानं उचलते. काका उचलतात दहा स्ट्रिप.

मग एके रात्री फोन. "अगं, तू त्याच लाइनमधली ना? मग एक रविवार काढ. आम्ही सगळे जमतोय."

दहा टक्क्यांचा ठराव

सगळे म्हणजे अकराजण. इंदुरी, सुदुंबरे, जांभवडे, नवलाख उंबरे, वराळे आणि तळेगाव स्टेशनचे काही. एरवी एकमेकांच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवणारे हे लोक एका सतरंजीवर बसलेले बघणं हीच मोठी गोष्ट होती. चहा झाला. आणि पाचव्या मिनिटाला ठराव आला, "सगळ्यांनी मिळून दहा टक्के. त्याच्यापुढे एक पैसा सूट नाही. कुणी फुटायचं नाही. ऐकलं नाही तर कार्डवाल्याला औषध नाही!"

टाळ्या पडल्या. मी मात्र म्हटलं, "हे लिहूही नका आणि बोलूही नका."

माझ्याकडे अकरा जोड डोळे असे वळले, की मी कंपनीचीच हेर आहे!

मग मी माझ्या वकील मैत्रिणीकडून घोटून घेतलेला धडा म्हणून दाखवला. आपल्याकडे २००२ चा स्पर्धा कायदा आहे. एकमेकांचे स्पर्धक असलेल्यांनी मिळून दर ठरवले किंवा मिळून माल अडवला, तर त्यानं स्पर्धेला बाधा येते असं हा कायदा आधीच गृहीत धरतो. ही कलमं २० मे २००९ पासून लागू आहेत. आणि यात सगळ्यात जास्त पोळलेल्या धंद्यांपैकी एक म्हणजे... ओळखा पाहू? केमिस्ट!

केमिस्ट लोकांना एकजूट नवी नाही. ऑल इंडिया ऑर्गनायझेशन ऑफ केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स, म्हणजे एआयओसीडी ही देशभरातल्या औषध विक्रेत्यांची संघटना. तिचं नेतृत्व वर्षानुवर्षं आपल्या कल्याणच्या जगन्नाथ शिंदे यांच्याकडे आहे. या संघटनेनं औषध कंपन्यांच्या संघटनांशी समोरासमोर बसून करार केले. किरकोळ विक्रेत्याला २० आणि घाऊकला १० टक्के, हा रिवाज अशाच बोलण्यांतून पक्का झाला. ऑनलाइन फार्मसीच्या विरोधात १४ ऑक्टोबर २०१५, ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ ला या संघटनेनं देशभर बंदची हाक दिली. एवढी ताकद!

पण त्याच ताकदीचा दुसरा अंकही आहे. नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर संघटनेचं ना हरकत पत्र आणा, नवं औषध बाजारात आणायचं तर संघटनेकडे पैसे भरून माहिती छापा, असे दंडक पडले. जून २०१२ मध्ये गोव्याच्या केमिस्ट संघटनेविरुद्ध स्पर्धा आयोगाचा निकाल आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये खुद्द एआयओसीडीला ४७ लाखांहून जास्त दंड झाला. मार्जिनचे करार, ना हरकत पत्रं, सगळं आयोगानं तपासलं आणि थांबवायला सांगितलं.

सतरंजीवर शांतता. मग काकांनी जो प्रश्न विचारला, तो मला अजून झोपू देत नाही. "म्हणजे ती एक कंपनी आमच्यासारख्या हजारांना एकच रेट लिहून पाठवते, ते चालतं. आणि आम्ही अकराजण एक रेट बोललो की कायदा मोडतो? हा कुठला न्याय, पोरी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे पुस्तकातलं होतं. कंपनी एक आहे, म्हणून तिचा दर हा तिचा एकटीचा निर्णय. तुम्ही अकरा आहात, म्हणून तुमचा दर हा संगनमत. पुस्तकात बरोबर. पण दहा बाय बाराच्या दुकानात उभं राहून ते म्हणताना जीभ अडखळते.

जिथे हे आधीच घडलंय

आपल्याकडे गोळ्यांचे पैसे बहुतेक लोक स्वतः देतात, म्हणून केमिस्ट आजवर भांडले ते औषध कंपन्यांशी. विमा कंपनीशी भांडायचं कारणच नव्हतं. अमेरिकेत उलटं आहे. तिथे औषधांचे पैसे बहुतांशी विमा भरतो आणि मधे बसतात पीबीएम नावाच्या दलाल कंपन्या. तिथल्या तीन मोठ्या पीबीएम मिळून देशातल्या सुमारे ८० टक्के चिठ्ठ्या हाताळतात. कोपऱ्यावरच्या छोट्या फार्मसीला काकांसारखाच फॉर्म येतो. सही करा, नाहीतर राहू द्या.

प्युएर्तो रिको बेटावर तीनशेहून जास्त छोट्या फार्मसींनी काकांच्या मनातलं करून बघितलं. सहकारी संस्था काढली आणि विमा कंपन्यांशी एकत्र दर ठरवायला बसले. सहकार म्हटल्यावर आपल्याला किती जवळचं वाटतं! पण २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यांना अडवलं. नाव सहकाराचं असलं तरी हे दरांचं संगनमतच, असं त्यांचं म्हणणं पडलं. संस्थेला तडजोड करून ते थांबवावं लागलं.

आर्कान्सा राज्यानं वेगळी वाट धरली. दुकानदारांनी एकत्र येऊन दर मागण्याऐवजी राज्यानंच कायदा केला, की फार्मसीला तिच्या खरेदीच्या किमतीपेक्षा कमी पैसे देता येणार नाहीत. पीबीएमवाले कोर्टात गेले. १० डिसेंबर २०२० ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ८ विरुद्ध शून्य मतांनी राज्याचा कायदा उचलून धरला. आणि जर्मनीत तर आरोग्य विमा निधींची संघटना आणि फार्मसींची संघटना यांनी करार करायचा, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे टेबल सरकारनं मांडून दिलंय!

आपल्याकडे टेबल नाही. आपल्याकडे सतरंजी होती.

हॉस्पिटलांचं मात्र आपल्याकडेही झालंय. १ जुलै २०१० ला चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्लीसारख्या शहरांतल्या बड्या हॉस्पिटलांची कॅशलेस सोय बंद केली आणि ठरलेल्या दरांचं नवं नेटवर्क आणलं. ऑगस्ट २०२५ मध्ये उलट दिशेनं झालं. एएचपीआय या हॉस्पिटलांच्या संघटनेनं उत्तर भारतातल्या सदस्यांना सांगितलं, की १ सप्टेंबरपासून बजाज आलियान्झ या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीचं कॅशलेस थांबवा. तक्रारी कुठल्या? दर वाढवत नाहीत, बिलं कापतात, पैसे उशिरा देतात. मग बोलणी झाली आणि आवाहन मागे घेतलं गेलं. बातम्या वाचताना मला वाटलं, शब्द तर आमच्या काकांचेच आहेत! फक्त काकांकडे बंद करायला आयसीयू नाही.

आकडा सोडून काय मागायचं?

सतरंजीवरच्या दुसऱ्या बैठकीला मी एक कागद घेऊन गेले. त्यावर एकही दर नव्हता. म्हटलं, सूट किती द्यायची हे ज्यानं त्यानं आपल्या घरी ठरवायचं आणि कंपनीला परस्पर कळवायचं. एकमेकांना विचारायचंसुद्धा नाही. बंदची भाषा नाही. ज्याला सही करायचीय त्यानं खुशाल करावी. एकत्र मागायच्या त्या चारच गोष्टी. वकील मैत्रिणीनं एकेक शब्द तपासलेला.

पहिली, पैसे किती दिवसांत येणार ते लिहून द्या. एक गंमत सांगते. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा एमएसएमई कायदा आहे. २ जुलै २०२१ पासून दुकानदारांनाही त्या यादीत घेतलं. पण फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता, ४५ दिवसांचं संरक्षण त्यांना नाही. म्हणजे काका कागदावर एमएसएमई आहेत आणि थकबाकीच्या वेळी नाहीत! म्हणून दिवसांचा आकडा करारातच हवा.

दुसरी, बिल कापलं तर कारण लिहा. कुठलं औषध, किती रुपये, कशासाठी. 'इतर कपात' ही ओळ चालणार नाही.

तिसरी, दरांच्या फॉर्ममध्ये सरसकट एक रकाना नको. शेड्यूल्ड औषधांचा वेगळा, बाकीचा वेगळा. आकडा ज्याचा त्यानं भरावा.

चौथी, लायसन्स आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट असलेलं कुठलंही दुकान तुमच्या अटी मान्य करत असेल, तर त्याला नेटवर्कमध्ये घ्या.

एकजण वैतागून म्हणाला, "मॅडम, खरं दुखणं तर दराचं आहे. तेच तुम्ही बाजूला ठेवलं!" त्याचं चुकीचं नव्हतं. पण काकांनी तेव्हा एक वाक्य टाकलं, "दर एकवेळ मी माझा सांभाळीन. साठ दिवस मात्र नाही सांभाळू शकत." माझं अर्धं काम त्यांनी तिथंच केलं.

अकरातले चौघं त्या दिवशी उठून गेले. दोघांना भांडण हवं होतं, दोघांना भानगड नको होती. उरले सात.

समोरचा माणूस

कंपनीच्या ऑफिसात मी रजा टाकून गेले. माझ्या फर्मचा त्या कंपनीशी काही व्यवहार नव्हता, हे आधी बघून घेतलं. बरोबर काका आणि सुदुंबऱ्याचे एक दुकानदार. दोघंही इस्त्रीचे शर्ट घालून, एसीत अवघडून बसलेले. समोर नेटवर्क मॅनेजर. माझ्याच वयाचा, मागे टार्गेटचा चार्ट, पुढे गार झालेली कॉफी. मला वाटलं होतं एखादा खडूस साहेब असेल. हा तर आपल्यातलाच निघाला!

त्यानं सरळ विचारलं, "औषधाच्या बिलावर शाम्पू आणि प्रोटीन पावडर देणं कोण थांबवणार?"

मी गप्प. काका मात्र म्हणाले, "होतं साहेब. गिऱ्हाईकच म्हणतं, वर्ष संपत आलंय, कार्डात पैसे पडून आहेत, काहीतरी द्या. आणि समोरचा देतो." त्या एका कबुलीनं खोलीतली हवा बदलली. तोवर आम्ही मागणारे आणि तो न देणारा होता. आता त्याचंही एक दुखणं टेबलावर आलं, आणि त्याचा इलाज आमच्याकडे होता.

काकांनी पिशवीतून एक रजिस्टर काढलं. शेड्यूल एच-वन म्हणजे काही ठरावीक अँटिबायोटिक्स, टीबीची आणि झोपेची वगैरे औषधं. ती विकताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावं लागतं. काकांचं अक्षर मोत्यासारखं. मॅनेजर पानं उलटत राहिला. काका म्हणाले, "हे मी सरकारसाठी लिहितोच. कार्डाच्या प्रत्येक बिलावर बॅच नंबर आणि डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर टाकून देतो. तपासा कधीही. पण मग पैसे वेळेवर द्या."

मी एवढी एमबीए झालेली. हे माझ्या प्रेझेंटेशनमध्ये नव्हतं!

तीन मीटिंग आणि पुष्कळ मेल झाले. शेवटी सात दुकानांना सहा महिन्यांची ट्रायल मिळाली. पैसे तीस दिवसांत. कपातीचं कारण ओळीनिशी. दरांचे दोन रकाने. काकांनी त्यात काय भरलं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चौथी मागणी फेटाळली. नेटवर्कमध्ये कोण असावं हे आम्हीच ठरवणार, असं कंपनी ठामपणे म्हणाली. म्हणजे जे चौघं उठून गेले, त्यांना दार बंदच. त्यातले एक काकांशी अजून नीट बोलत नाहीत. काकांना ते लागतं, मलाही.

ट्रायलचे चार महिने झालेत. तीन महिन्यांचे पैसे वेळेत आले. एका महिन्याला आठ दिवस उशीर झाला, पण एका बिलातून कापलेल्या ३४० रुपयांचं कारण आलं, आणि ते बरोबर होतं. महिन्याची काही गिऱ्हाइकं परतली. सगळी नाही. अ‍ॅपवरची सवय लागलेली पोरं कशाला परत येतील? पण त्यांचे आई-बाबा आलेत. त्यांना गोळी सकाळी आधी घ्यायची की नाश्त्यानंतर, हे विचारायला माणूस लागतो.

सहा महिन्यांनी काय होईल? कंपनी नूतनीकरण करेल, किंवा पुन्हा तोच पंधरा टक्क्यांचा फॉर्म येईल. सात दुकानं म्हणजे कंपनीच्या हिशेबात टाचणीएवढी. आम्ही एकत्र आलो म्हणून कंपनी घाबरली, असल्या भ्रमात मी नाही. आमच्या हातात रजिस्टर होतं आणि आम्ही कंपनीला परवडणारं मागितलं, म्हणून ते मिळालं. दराचं दुखणं तसंच आहे. ते सात दुकानदारांनी सोडवायचं नाहीच. ज्या दिवशी ओपीडी कव्हर घराघरांत पोचेल, त्या दिवशी कुणाला तरी नियम करावे लागतील. हॉस्पिटलच्या कॅशलेससाठी विमा नियामकानं मे २०२४ मध्ये नियम केलेच ना? मंजुरी एका तासात, डिस्चार्जची तीन तासांत. मग गावातल्या मेडिकलचं बिल किती दिवसांत द्यायचं, हेही लिहिता येईल. ते टेबल आज ना उद्या मांडावं लागणार आहे. माझं म्हणणं एवढंच, की तेव्हा एक खुर्ची इंदुरीची असावी.

आणि तुम्ही?

तुम्ही म्हणाल, यात आमचा काय संबंध? आमचं अ‍ॅप मस्त चाललंय, दोन दिवसांत डिलिव्हरी, वर कॅशबॅक!

संबंध आहे, कारण प्रीमियम तुमच्या पॅकेजमधून जातो. या सगळ्या बोलण्यांत दुकानदार होता, कंपनी होती, मधे मी होते. ज्याच्या खिशात कार्ड आहे, तो कुठेच नव्हता. आणि कंपनी सगळ्यात जास्त ऐकते ती त्याचंच. मला हे माझ्या नोकरीमुळे माहितीय. पॉलिसी रिन्यू करताना एचआरनं एक ओळ टाकली की विमा कंपन्या चार पावलं पुढे येतात. काकांनी तीच ओळ बोलायला तीन मीटिंग घेतल्या!

तेव्हा पुढचं रिन्यूअल आलं की एचआरला एक छोटा मेल टाका. दोन प्रश्न पुरेत. माझे आई-बाबा जिथे राहतात, तिथलं रात्री उघडं असणारं कुठलं मेडिकल आपल्या नेटवर्कमध्ये आहे? आणि त्या दुकानाचे पैसे कंपनी किती दिवसांत देते? पहिल्याचं उत्तर बहुधा 'बघून सांगतो' असं येईल. दुसऱ्याचं उत्तर एचआरलाही माहीत नसेल. हरकत नाही. त्यांना ते कंपनीला विचारावं लागेल, आणि विचारलेलं कंपनीच्या फाइलला लागतं.

आणि हो, वर्षाच्या शेवटी कार्डात पैसे उरले असतील, तर मेडिकलवाल्याकडे शाम्पू मागू नका. प्लीज!